शोतोकान कराटेचा वाघ : मुखपृष्ठावरून छातीवर आलेले चिन्ह

महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत संध्याकाळी शाळेच्या मैदानावर किंवा सोसायटीच्या गच्चीवर कराटेचे वर्ग भरतात, आणि त्यांतल्या अनेक मुलांच्या पांढऱ्या गणवेशावर, छातीच्या डाव्या बाजूला, वर्तुळात बसवलेल्या वाघाचा बॅज शिवलेला असतो. हा वाघ कशासाठी, असे एखाद्या पालकाने विचारलेच, तर ‘वाघासारखे शूर व्हावे म्हणून’ असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. वाघाचे काळीज, वाघाची झेप, वाघाची डरकाळी हे सारे आपल्या बोलण्यात इतके मुरलेले आहे की त्या उत्तरावर कोणी शंकाही घेत नाही. प्रत्यक्षात कराटेतल्या शोतोकान पंथाच्या या चिन्हाचा उगम शौर्यापेक्षा लेखनाशी अधिक जोडलेला आहे. एका चित्रकाराने आपल्या कराटेशिक्षकाच्या पुस्तकासाठी तो वाघ काढला, आणि त्यामागचा मुख्य विचार हा होता की आजवर तोंडी परंपरेने चालत आलेल्या या विद्येला आता एक प्रमाणग्रंथ मिळत आहे.

हे नीट समजून घ्यायचे तर आधी ते चिन्ह जवळून पाहायला हवे. मूळ रेखाटन काळ्या शाईचे आणि कुंचल्याचे आहे. वाघाचा देह वर्तुळाच्या कडेशी जुळवून घेत वळवलेला आहे, त्यामुळे पाठ, मान आणि शेपूट यांची मिळून एकच वळणदार लय तयार होते. भोवतालचे वर्तुळ कंपासने काढल्यासारखे काटेकोर नाही; कुंचला जिथे दाबला गेला तिथे रेघ जाड आहे आणि जिथे हात हलका झाला तिथे ती बारीक होत गेली आहे. शेपटीजवळ एक लहानशी अक्षरखूण आहे. पुष्कळ जण तिला कराटेतले एखादे गूढ अक्षर समजतात, परंतु ती चित्रकाराची सही आहे. यंत्रावर भरतकाम केलेल्या बॅजवर बहुधा वर्तुळ अगदी गोल होऊन येते आणि ही सही गळून पडते किंवा तिचा नुसता ठिपका उरतो. म्हणजे या चिन्हाच्या जन्माचा पुरावा चिन्हावरच लिहिलेला होता, आणि नेमका तोच नकलांच्या नकलांमध्ये पुसट होत गेला.

ज्यांच्या पुस्तकासाठी हा वाघ काढला गेला ते गिचिन फुनाकोशी 1868 साली ओकिनावा बेटावरील शुरी येथे जन्मले. शुरी ही जुन्या र्‍युक्यू राज्याची राजधानी होती. फुनाकोशी पेशाने प्राथमिक शाळेतले शिक्षक होते आणि आन्को असातो व आन्को इतोसू या दोन गुरूंकडे त्यांनी कराटेचे शिक्षण घेतले. त्या काळी ओकिनावात ही विद्या चारचौघांत शिकवण्याची रीत नव्हती. फुनाकोशी रात्री कंदिलाच्या उजेडात वाट काढत असातोंच्या घरी जात आणि एकेक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, गुरूंचे समाधान होईपर्यंत पुन्हा पुन्हा करत राहत. ओकिनावात लिखित साहित्य अगदीच नव्हते असे नाही. ‘बुबिशी’ या नावाचे चिनी वळणाचे एक हस्तलिखित गुरुशिष्यांमध्ये नकलून घेतले जाई, आणि इतोसूंनी 1908 साली शाळांमधून कराटे शिकवले जावे यासाठी दहा कलमांचे एक पत्र लिहिले होते. परंतु कोणालाही विकत घेऊन वाचता येईल असे छापील पुस्तक त्या विद्येला लाभलेले नव्हते.

1922 सालच्या मे महिन्यात जपानच्या शिक्षण मंत्रालयाने टोकियोत शारीरिक शिक्षणाचे एक प्रदर्शन भरवले, आणि ओकिनावाच्या वतीने कराटेची ओळख करून देण्यासाठी फुनाकोशींना पाठवण्यात आले. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि प्रदर्शन आटोपताच घरी परतायचा त्यांचा बेत होता. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या संस्थेत प्रात्यक्षिकासाठी बोलावले, त्यामुळे मुक्काम काहीसा लांबला. त्यानंतर ते पुन्हा निघण्याच्या तयारीत असताना एके सकाळी होआन कोसुगी हे चित्रकार त्यांच्याकडे आले. चित्रे काढण्यासाठी ओकिनावाचा दौरा केला असताना कोसुगींनी कराटे पाहिले होते, ते शिकायची त्यांची इच्छा तेव्हापासूनची होती, आणि टोकियोत शिकवणारे कोणी नसल्यामुळे ती तशीच राहून गेली होती. त्यांच्या आग्रहामुळे फुनाकोशींनी परतीचा बेत पुढे ढकलला, आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य त्यांनी मुख्य जपानातच काढले.

या मुक्कामाचे वास्तव मात्र फार साधे होते. ओकिनावातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी टोकियोत मेइसेइजुकु नावाचे वसतिगृह होते, तिथल्या एका लहानशा खोलीत फुनाकोशी राहत आणि पैशांची ओढाताण असल्यामुळे पहारा, बागकाम, झाडलोट अशी कामेही करत. त्यांनी आत्मचरित्रात सांगितलेला एक प्रसंग त्यांचा स्वभाव सांगून जातो. ते अंगण झाडत असताना एक वार्ताहर त्यांची मुलाखत घ्यायला आला आणि त्यांना झाडूवाला समजून त्याने फुनाकोशी गुरुजी कुठे भेटतील, अशी चौकशी केली. फुनाकोशी ‘थांबा हं’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून खोलीत गेले, नीटनेटका किमोनो घालून बाहेर आले आणि ‘मीच फुनाकोशी’ म्हणून त्याला नमस्कार केला. वार्ताहराचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

कोसुगी हे हौशी चित्रकार नव्हते. 1881 साली निक्को येथे जन्मलेल्या या कलावंताने सुरुवातीला पाश्चात्त्य पद्धतीच्या तैलचित्रणाचे शिक्षण घेतले, रशिया-जपान युद्धाच्या वेळी रणभूमीवरून रेखाटने पाठवली, काही काळ फ्रान्समध्ये काढला, आणि पुढे ते शाई-कुंचल्याच्या पौर्वात्य शैलीकडे अधिकाधिक वळत गेले. टोकियो विद्यापीठाच्या यासुदा सभागृहातील भित्तिचित्रे त्यांचीच आहेत. टोकियोच्या ताबाता भागात राहणाऱ्या चित्रकार-शिल्पकारांचे ‘पॉप्लर क्लब’ नावाचे मंडळ होते, त्याचे ते प्रमुख होते, आणि मुख्य जपानातील फुनाकोशींच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांमध्ये याच मंडळातले कलावंत होते. जो पंथ आज स्पर्धांच्या मैदानावर खोल पवित्र्यांसाठी आणि जोरकस ठोशांसाठी ओळखला जातो, त्याचे टोकियोतले पहिले पाऊल चित्रकारांच्या अड्ड्यावर पडले, हे मला स्वतःला त्या चिन्हाइतकेच बोलके वाटते. कोसुगींनी फुनाकोशींच्या मागे लकडा लावला की ही विद्या पुस्तकात उतरलीच पाहिजे. तुम्ही लिहा, पुस्तकाच्या सजावटीचे मी पाहतो.

वाघ येतो तो या टप्प्यावर. जपानी भाषेत ‘तोरा नो माकी’ असा एक रूढ शब्दप्रयोग आहे. शब्दशः पाहिले तर ‘वाघाची गुंडाळी’, म्हणजे गुंडाळून ठेवायचे हस्तलिखित, आणि व्यवहारात एखाद्या विद्येचे सारे मर्म ज्यात सांगितले आहे असा अधिकृत ग्रंथ. त्याचे मूळ चीनमध्ये आहे. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकातील झोऊ राजांचा सल्लागार ताइगोंग याच्या नावावर चालत आलेल्या ‘लिउ ताओ’ या युद्धशास्त्रीय ग्रंथाचे सहा भाग आहेत, आणि त्यांना नागर, सैनिकी, ड्रॅगन, वाघ, बिबट्या व कुत्रा अशी नावे आहेत. ग्रंथ प्रत्यक्षात ताइगोंगच्या काळानंतर कित्येक शतकांनी रचला गेला असे अभ्यासक मानतात, तरी तो पुरातन आहे याविषयी वाद नाही. 1972 साली चीनच्या शानडोंग प्रांतात यिन्चुएशान येथे सापडलेल्या हानकालीन थडग्यांत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले त्याचे तुकडे मिळाले. यातला वाघाचा भाग शस्त्रसामग्री, सैन्याची मांडणी, वेढ्यातून निसटणे अशा थेट रणातल्या बाबींचा आहे, त्यामुळे ज्याच्या हाती वाघाचा भाग लागला त्याला विजयाची किल्ली मिळाली, अशी समजूत रूढ झाली. जपानमध्ये तिला मिनामोतो योशित्सुने या बाराव्या शतकातील लाडक्या योद्ध्याच्या दंतकथेने आणखी बळ दिले. किइची होगेन नावाच्या एका पंडिताने हा ग्रंथ कोणाला दिसू नये म्हणून जपून ठेवला होता, आणि तरुण योशित्सुनेने त्याच्या मुलीचे मन जिंकून तो मिळवला व मुखोद्गत केला, असे त्या कथेत येते.

पुढे तलवारबाजीच्या आणि जुजुत्सू या झुंजीच्या कलेच्या जुन्या घराण्यांत तर गुंडाळी हा परंपरेचा कणाच होता. शिष्य एका टप्प्यापर्यंत पोहोचला की गुरू त्याला तंत्रांची नावे आणि घराण्याची वंशावळ लिहिलेली गुंडाळी देत, आणि ती मिळणे म्हणजेच अधिकार मिळणे होते. काळाच्या ओघात मूळ शब्दप्रयोग इतका सैल झाला की आज जपानमधली शाळकरी मुले परीक्षेच्या तयारीच्या मार्गदर्शक पुस्तकालाही ‘तोरा नो माकी’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘गाइड’चेच ते सोयरे. पण कोसुगींच्या डोळ्यांसमोर होता तो जुना, भारदस्त अर्थ. ओकिनावातून आलेल्या कराटेकडे अशी गुंडाळी नव्हती आणि म्हणून जपानच्या युद्धकलांच्या पंगतीत तिला काहीशी खालची जागा मिळण्याचा धोका होता. फुनाकोशींचे पुस्तक हीच कराटेची ‘तोरा नो माकी’, असे कोसुगींचे म्हणणे होते आणि ते त्यांनी शब्दांऐवजी चित्रातून मांडले. वाघ पाहिला की जाणत्या जपानी वाचकाला गुंडाळी आठवावी, अशी ही चित्रकाराची श्लेषयुक्त खूण आहे.

फुनाकोशींचे पहिले पुस्तक 1922 सालीच प्रसिद्ध झाले आणि कराटेवरील पहिले छापील पुस्तक म्हणून ते सामान्यतः ओळखले जाते. 1 सप्टेंबर 1923 रोजी टोकियो परिसराला हादरवणाऱ्या महाभूकंपात त्याचे छपाईचे ठसे नष्ट झाले, म्हणून 1925 साली सुधारित पुस्तक वेगळ्या नावाने काढावे लागले. त्यानंतर 1935 साली ‘कराटे-दो क्योहान’ हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा आणि विस्तृत ग्रंथ आला, आणि वर्तुळातला वाघ प्रामुख्याने याच ग्रंथाशी जोडला जातो. हा ग्रंथ आणखी एका कारणाने वळणाचा ठरला. आधीच्या दोन पुस्तकांत ‘कराटे’ हा शब्द चीनचा निर्देश करणाऱ्या अक्षराने लिहिलेला होता. 1935 च्या ग्रंथात त्याच उच्चाराचे, पण ‘रिक्त’ या अर्थाचे अक्षर वापरले गेले. ज्या पुस्तकाने विद्येला नवी ओळख आणि नवे लेखन दिले त्याच्याच मुखपृष्ठावरचे चित्र पुढे पंथाची खूण व्हावे, यात म्हणूनच नवल नाही.

चिन्हाला जोडलेला दुसरा धागा ओकिनावातला आहे. शुरीच्या आसपास पाइन वृक्षांनी झाकलेल्या टेकड्या होत्या, आणि त्यांतली तोराओ ही टेकडी अरुंद व दाट झाडीची असल्यामुळे दुरून वाघाच्या शेपटीसारखी दिसे. तिच्या नावाचा अर्थही तोच. फुनाकोशी तरुणपणी मोकळ्या वेळात तिथे फिरायला जात, आणि पाइनच्या पानांतून वाऱ्याचा जो लाटांसारखा आवाज उठतो तो त्यांना इतका प्रिय होता की कविता लिहिताना त्यांनी ‘शोतो’, म्हणजे पाइनच्या लाटा, हे टोपणनाव घेतले. पुढे 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या शिष्यांनी वर्गणी जमवून टोकियोच्या झोशिगाया भागात स्वतंत्र प्रशिक्षणगृह बांधले आणि दारावर ‘शोतोकान’, म्हणजे शोतोंचे सभागृह, अशी पाटी लावली. पंथाचे नाव पडले ते या पाटीवरून. फुनाकोशी स्वतः कराटेत वेगवेगळे पंथ मानायला तयारच नव्हते. सारे कराटे एकच, असे त्यांचे ठाम मत होते. तरीही पाटीवरून नाव आले आणि पुस्तकावरून चिन्ह आले, आणि ज्यांनी कधी पंथ स्थापन केला नाही त्यांच्या नावावर जगातला एक मोठा पंथ उभा राहिला.

तोराओ टेकडी आणि चित्रातला वाघ यांचा संबंध कितपत खरा मानायचा? शोतोकानवरच्या लेखनात अनेकदा हे दोन्ही धागे एकत्र विणून सांगितले जातात आणि वाघाच्या लांब शेपटीत ती टेकडी शोधली जाते. टोपणनावाची हकीकत फुनाकोशींनी स्वतः लिहून ठेवली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल शंका नाही. परंतु चित्र कोसुगींचे आहे आणि त्यामागचा ‘तोरा नो माकी’चा संदर्भ पुस्तकाच्या प्रयोजनाशी थेट जुळतो. माझ्या मते टेकडी हा सुंदर योगायोग आहे आणि तो तसाच सांगावा. वाघ कधीच झोपत नाही, तो सदैव सावध असतो, असा अर्थ चिनी परंपरेतल्या वाघाच्या आकृतिबंधाशी जोडून सांगितला जातो; त्यात तथ्य असू शकते, कारण जपानमध्ये ऐतिहासिक काळात रानटी वाघ नव्हतेच. तिथल्या चित्रकारांनी वाघ पाहिला तो चीन आणि कोरियातून आलेल्या चित्रांत, आयात केलेल्या कातड्यांत आणि अंगणातल्या मांजरात. त्यामुळे जपानी कुंचल्यातून उतरलेला वाघ हा मुळातच वाचनातून आणि पाहिलेल्या चित्रांतून घडलेला प्राणी आहे. ताडोब्याच्या जंगलात वाघ पाहून आलेल्या आपल्या डोळ्यांना त्यात जे रौद्र दिसते, तेच कोसुगींना अभिप्रेत होते असे धरून चालता येत नाही.

वर्तुळाच्या बाबतीत अर्थांचा सुकाळ आहे. कोणी त्यात संयमाची चौकट पाहतो, म्हणजे शक्ती आहे पण ती आवरून धरलेली आहे. कोणी झेन परंपरेत कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात काढल्या जाणाऱ्या वर्तुळाशी त्याचे नाते जोडतो. शाईच्या चित्रकलेत मुरलेल्या कोसुगींना ते झेन वर्तुळ परिचयाचे असणार, एवढे म्हणता येते. संयमाचा अर्थ तर फुनाकोशींच्या शिकवणुकीशी चपखल बसतो, कारण त्यांनी घालून दिलेल्या वीस सूत्रांपैकी सर्वांत प्रसिद्ध सूत्र कराटेत पहिला वार नसतो, हे आहे. कामाकुरा येथील एन्गाकुजी या झेन मंदिराच्या आवारात 1968 साली उभारलेल्या त्यांच्या स्मारकावर हेच वाक्य कोरलेले आहे. अर्थात सूत्र फुनाकोशींचे, चित्र कोसुगींचे आणि दोहोंची सांगड नंतरच्या शिष्यांची, हा क्रम वर्गात मुलांना सांगताना विसरू नये. अर्थ नंतर जोडला गेला म्हणून तो खोटा ठरत नाही, परंतु नंतरचा अर्थ मूळ म्हणून सांगितला की इतिहास बिघडतो.

या चिन्हाचे वेगळेपण दुसऱ्या पंथांच्या चिन्हांशेजारी ठेवल्यावर अधिक स्पष्ट होते. फुनाकोशींकडे काही काळ शिकलेले मासुतात्सू ओयामा यांनी पुढे क्योकुशिन पंथ स्थापन केला, आणि त्याचे ‘कांकू’ हे चिन्ह थेट शरीराच्या हालचालीतून आलेले आहे. कांकू नावाच्या कात्याच्या सुरुवातीला दोन्ही हातांचे अंगठे व बोटांची टोके एकमेकांना टेकवून हात डोक्यावर नेले जातात आणि अंगठे व बोटे यांच्यामध्ये उरणाऱ्या पोकळीतून आकाशाकडे पाहिले जाते. चिन्हातली टोके ही बोटांची अग्रे, जाड भाग ही मनगटे आणि मधली जागा ही ती पोकळी, असा त्याचा उलगडा पंथातच शिकवला जातो. फुनाकोशींचे आणखी एक शिष्य हिरोनोरी ओत्सुका यांच्या वादो पंथाने मुठीभोवती कबुतराचे पंख घेतले, कारण त्या पंथाच्या नावातच सामंजस्याचा मार्ग आहे. म्हणजे एका चिन्हात कात्यातली कृती आहे, दुसऱ्यात तत्त्वाचा उच्चार आहे. ती दोन्ही पंथाची खूण म्हणूनच योजली गेली. शोतोकानच्या वाघाच्या वेळी पंथ हा शब्दही फुनाकोशींच्या मनात नव्हता.

शोतोकानचे मूळ प्रशिक्षणगृह 1945 साली टोकियोवरील हवाई हल्ल्यात जळाले. युद्धानंतर शिष्यांनी 1949 च्या सुमारास जपान कराटे असोसिएशन उभी केली, आणि 1957 साली फुनाकोशींच्या निधनानंतर शोतोकाई हा शिष्यांचा दुसरा गट वेगळ्या वाटेने गेला. पुढे या संस्थांमधून आणखी अनेक संघटना फुटून निघाल्या. जपान कराटे असोसिएशनचे अधिकृत चिन्ह वाघ नसून पांढऱ्या वर्तुळातला लाल गोल आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. वाघ मात्र या साऱ्या गटांच्या भांडणांच्या पलीकडे राहिला. कोणताही एक गट त्यावर एकट्याने हक्क सांगू शकत नाही, आणि जवळजवळ प्रत्येकाला तो आपला वाटतो. म्हणूनच छातीवर वाघ दिसला एवढ्यावरून तो वर्ग नेमक्या कोणत्या संघटनेशी जोडलेला आहे हे ओळखता येत नाही. त्यासाठी पट्ट्याच्या परीक्षेचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेच्या नावाने दिले जाते ते पालकांनी पाहावे. वाघावरून कळते ते इतकेच की शिकवणाऱ्याची गुरुपरंपरा मागे नेत गेल्यास ती कुठेतरी फुनाकोशींपर्यंत पोहोचते, किंवा निदान पोहोचत असल्याचा त्याचा दावा आहे.